वहिनीच्या खोलीतली विश्वकर्मा पूजा

"अहो, काडी पेटवू नका! नका म्हणते ना! काहून ऐकून नाही राहिले तुम्ही!"

वहिनी मागच्या खोलीच्या दारावर दोन्ही मुठी आपटत होती. दार आतून बंद. आत माझा मोठा भाऊ, कपाळाला अष्टगंध, अंगात कडक इस्त्रीचा कुर्ता, एका हातात कापूर ठेवलेली पितळी आरती आणि दुसऱ्या हातात माचिस. दाराशेजारच्या काच-जाळीच्या खिडकीतून तो दिसत होता, पण पुसट. आत धुकं पडलं होतं. सप्टेंबरच्या दुपारी, जबलपूरच्या नेपियर टाउनातल्या बंद खोलीत, धुकं! वहिनीचा आवाज असा लागला होता की नर्मदेवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर नागपूरच्या ट्रकवाल्यांनी ब्रेक मारले असतील. शेजारच्या कोचिंग क्लासमधली पोरं त्रिकोणमिती सोडून आमच्या भिंतीवर चढली होती.

"काडी नाही, आरती आहे!" दादा आतून गरजला.

"आगीला फरक समजते का तो?"

"उभी जिंदगी बारूदमध्ये काढली मी! तू मला पावडर शिकवून राहिली? तोंडाला लावायची पावडर?"

मी वहिनीच्या मागे झेंडूच्या फुलांचं जड तबक घेऊन उभी होते. या दोघांच्या भांडणात मी नेहमी तिथेच उभी असते, मागे, काहीतरी जड हातात घेऊन.

ती तोंडाला लावायची पावडर म्हणजे काय, ते आधी सांगते. वहिनी केमिस्ट्रीची एम.एस्सी. तिने शाळेत पोरांना रसायनशास्त्र शिकवलं, इतकं शिकवलं की तिच्या हाताखालून गेलेली मुलगी साधं मीठसुद्धा हुंगून बघते. शाळेतली नोकरी संपली तशी ती म्हणाली, आता मी क्रीम बनवणार. जबलपूरच्या मे महिन्यात स्कूटीवर तोंड बांधून फिरणाऱ्या बायकांसाठी, उन्हापासून कातडी वाचवणारं. त्यात अ‍ॅव्होबेन्झोन नावाचं रसायन लागतं. पिवळट पांढरी, मैद्याहून बारीक पूड. तेलात विरघळली की ती उन्हातले जाळणारे किरण स्वतः पिऊन टाकते. गंमत अशी, की ही पूड स्वतः उन्हाला भिते. उजेडात उघडी ठेवली की हळूहळू बिघडते. म्हणून वहिनी तिचा ड्रम अंधाऱ्या कोपऱ्यात, झाकण घट्ट लावून ठेवायची.

"उन्हाला घाबरणारं औषध लोकांना उन्हापासून वाचवणार!" दादा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. "म्हणजे फौजेत सशाची भरती!"

मागची खोली पूर्वी सायकली आणि गाद्यांची होती. तिला अंगणातून वेगळं दार आहे. वहिनीने ती धुतली, रंगवली आणि तिथे कायदा लागू केला. आत जाताना मास्क, चष्मा, हातमोजे. झाडू नाही, ओलं फडकं. पंखा नाही. आग तर बिलकुल नाही, उदबत्तीची ठिणगीसुद्धा नाही, कारण हवेत उडालेली बारीक पूड बारूदासारखी भडकते. लोखंडाचं भांडं नाही, कारण लोखंड लागलं की पूड रंग बदलते. हे दादाने एकदा स्वतः सिद्ध केलं. वहिनी बाजारात गेली असताना त्याने मदत म्हणून लोखंडी झाऱ्याने क्रीम ढवळलं, आणि पांढरंशुभ्र क्रीम विटेसारखं तांबूस झालं. त्या संध्याकाळी आमच्या घरात दोन कुकर, एक पाट आणि देवाची घंटा हवेतून प्रवास करून आली. घंटा माझ्या खांद्याला लागली. मी काहीच केलं नव्हतं.

पण हे सगळं नेहमीचं. खरं भांडण वेगळ्याच गोष्टीवरून पेटलं होतं. खोलीला परवाना हवा होता. सरकारी साहेब खोली बघायला येणार होता, आणि वहिनीला त्याच्यापुढे एक माणूस उभा करायचा होता, इथला जबाबदार, इथला इनचार्ज. वहिनी म्हणाली, मी. दादा म्हणाला, माझ्या घरात मी असताना दुसरा इनचार्ज? घर दादाच्या नावावर. तो साहेबापुढे 'नाही' म्हणाला तर खोली पुन्हा सायकलींची. वहिनीने त्या खोलीत आपल्या पीएफचं सगळं काही ओतलं होतं, पण ते सोडा. तिने त्या खोलीत स्वतःला ओतलं होतं. हे मला दिसत होतं, दादालाही दिसत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडत होता.

त्यात विश्वकर्मा पूजा आली.

जबलपूरच्या कारखान्यांत या दिवसाला दिवाळीपेक्षा मोठा मान आहे. यंत्र घासूनपुसून आरशासारखं करायचं, तेल द्यायचं, हार घालायचा, नारळ फोडायचा. दादा दारूगोळ्याच्या कारखान्यात फोरमन होता. पूजेच्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे, आणि लहानपणी आमची पोरंबाळं त्याच्या मशीनला हात लावून नमस्कार करून यायची. त्याच कारखान्याच्या गेटवर रोज खिसे तपासायचे. कोणाकडे माचिस सापडली तर संपलं. दादाने स्वतः एका माणसाला खिशात एक विडी सापडली म्हणून गेटवरच असं थोबाडलं होतं, की तो माणूस पुढे आयुष्यभर विडीचं नाव काढायच्या आधी इकडेतिकडे बघायचा. दादाच हे अभिमानाने सांगायचा.

आणि त्या वर्षी त्याच्याकडे मशीनच नव्हतं. रिटायर होऊन पहिलीच पूजा. सकाळपासून तो अंगणात येरझारा घालत होता. आधी माझ्या शिलाई मशीनला हार घातला, मग मिक्सरला. मग त्याला वहिनीची चाळणी आठवली. मोटरवर हलणारी, अधारताल भागातल्या फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेली स्टीलची चाळणी. पुडीत पावसाळ्यात गोळे होत, ते ती चाळून मोडायची, आणि बारीक धूळ उडू नये म्हणून चाळणीवर एक कापडी पिशवी चढवलेली असायची. घरातलं एकुलतं एक खरंखुरं मशीन.

"फुलं वाहा, हळदीकुंकू दाराच्या चौकटीला लावा," वहिनी म्हणाली होती. "आत आरती नाही."

"आरतीशिवाय पूजा? मशीन काय म्हणेल?"

"मशीन काही नाही म्हणत. मी म्हणून राहिले."

ती मला फुलं द्यायला स्वयंपाकघरात आली तेवढ्यात दादा आत घुसला आणि कडी लावली. आणि त्याने तेच केलं जे तो आयुष्यभर करत आला होता. पूजेआधी मशीन साफ केलं. कापडी पिशवी काढली आणि गावाकडे सतरंजी झटकतात तशी भिंतीवर आपटली. धाड, धाड, धाड! दाराबाहेर आम्हाला आवाज आला तोवर खोली पांढरी झाली होती. बारूद ओला करून हाताळायचा असतो, हे त्या माणसाच्या हाडात मुरलेलं होतं. पण हे त्याच्या हिशोबी बारूद नव्हतंच. ही बायकोची पावडर होती.

"दादा, दार उघड!" मीही ओरडले. "जसा उभा आहेस तसा राहा, हलू नको!"

"चलो, आता तूही सुरू झाली छोटी!"

खोकत खोकत त्याने काडी ओढली.

वहिनीने माझी वेणी धरली आणि मला खिडकीपासून मागे असं खेचलं, की माझी मान आजही उजवीकडे वळताना विचार करते. आणि मग ते झालं. धडाम वगैरे नाही. भक्क! एखाद्या राक्षसाने गॅसच्या शेगडीसमोर शिंक दिली असं. पिवळा लोळ जाळीतून बाहेर आला, काच फुटून अंगणात पसरली, कोचिंगची पोरं भिंतीवरून पिकल्या जांभळांसारखी टपाटप खाली पडली. माझ्या तबकातली फुलं उडून तुळशीवर बसली. आणि गल्ली? गल्लीत कोणी उठलंसुद्धा नाही. तोफांच्या चाचणीचे धमाके ऐकत मोठी झालेली वस्ती आमची. समोरच्या काकू खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "आज छुट्टी के दिन भी फायरिंग?"

दार तुटलं आणि दादा बाहेर आला.

भुवया नव्हत्या. मिशी अर्धी होती, आणि ती अर्धी धुमसत होती. कुर्त्याच्या बाह्या काळ्या. हातांची कातडी बघून मी पाठ फिरवली. डोळे गच्च मिटलेले, आणि तोंडातून असा आवाज निघत होता जो मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. शिव्या नव्हत्या त्यात. नुसता आवाज.

वहिनीने त्याला मानेला धरून अंगणातल्या नळाखाली लोटलं. हात पाण्यात, डोकं पाण्यात. तो तडफडला, लाथा मारल्या, बादली उलटली. "धर त्याला!" मी कंबरेला मिठी मारली तर त्याचं कोपर माझ्या जबड्यात बसलं आणि दाढेचा तुकडा जिभेवर आला. वहिनीने त्याचे केस मुठीत धरले, मान मागे वाकवली आणि अंगठ्याने पापण्या उचकल्या.

"उघडा डोळे!"

"जळून राहिले!"

"म्हणूनच उघडा! पूड आहे आत. उघडता की मी फोडू?"

पाणी चालूच. किती वेळ, विचारू नका. टाकी रिकामी होत आली तरी ती सोडेना. तो रडला, तिला चावला. खरंच, मनगटाला चावला. तिने हात काढला नाही, नुसता चेहरा पिळवटला. दर थोड्या वेळाने ती विचारायची, "दिसून राहिलं का?" आणि तो ओरडायचा, "पाणी दिसून राहिलं!"

शेवटी त्याने डोकं नळाखालून काढलं, वर बघितलं, आणि त्याला दिसलं. भिंतीवर परत चढलेली पोरं दिसली. त्यांच्या हातातले मोबाइल दिसले. अंगणात उभा असलेला, चड्डीपर्यंत भिजलेला, बिनभुवयांचा फोरमन त्याला त्यांच्या डोळ्यांत दिसला असावा. कारण त्यानंतर जो राग आला तो भाजल्याचा नव्हता.

तो खोलीत शिरला. आतली आग कधीच विझली होती. नुसता धूर होता, आणि छताला काळा पट्टा. कोपऱ्यातला ड्रम शाबूत होता, कारण वहिनी झाकण कधी उघडं ठेवतच नाही. त्या भाजलेल्या हातांनी त्याने तो ड्रम कवटाळला आणि बाहेर ओढला. हातांवरचे फोड फुटत होते आणि तो ओढत होता.

"नालीत टाकतो! आज, आत्ता! ही बला घरात नको!"

"नालीत नाही!" वहिनी आडवी आली. "नाली नाल्याला मिळते, नाला नदीला! पाण्यातल्या जिवांना विष आहे हे!"

"जिवांचं पडलं तुला? माझा जीव काय?"

"तुमचा जीव मीच वाचवला आत्ता, नळाखाली!"

तिने ड्रमची दुसरी कड धरली. दोघं अंगणात तो ड्रम असे ओढत होते, जसे दोन गाववाले एका म्हशीवरून भांडतात. पोरं हसली. मीसुद्धा हसले, तोंडात रक्त असताना. आणि मग दादाने ड्रम सोडला आणि तिला ढकललं.

पूर्ण जोराने. दोन्ही हातांनी.

नळाच्या सिमेंटच्या कट्ट्याची कड आहे ना, तिथे तिचं कपाळ गेलं. आवाज अगदी लहान आला. बघता बघता भुवईवरून रक्त ओघळलं, डोळ्यात उतरलं, पदरावर पडलं.

पोरांचे मोबाइल खाली आले. या घरात गेली कित्येक वर्षं भांडी उडाली, पाट उडाले, मी स्वतः एकदा लाटणं चुकवून जिन्यावरून खाली आले, पण हात कधी कोणी लावला नव्हता. मला काय झालं कळलं नाही. खाली पडलेलं ते रिकामं पितळी तबक मी उचललं आणि दादाच्या पाठीत घातलं. मग पुन्हा घातलं. तो चुकवतसुद्धा नव्हता. तबकाला पोचा पडला. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा वहिनी बोलली.

ती कट्ट्याला टेकून बसली होती, पदर कपाळावर दाबून.

"छोटी," ती म्हणाली, "झाकण लागलं आहे का बघ."

मी बघितलं. लागलं होतं.

एका ऑटोत तिघं बसलो. मधे मी, एकीकडे भाजलेला, एकीकडे फुटलेली. ऑटोवाल्याने आरशातून बघितलं आणि विचारलं, "भैया, एक्सिडेंट?" मग त्याने स्वतःच रेडिओ बंद केला आणि सराफा बाजाराची गर्दी टाळून लांबून नेलं. दवाखान्यात डॉक्टरने दादाचे डोळे तपासले आणि म्हणाला, वेळेवर आणि बराच वेळ धुतले म्हणून बुबुळ वाचलं, धुतले कोणी? दादाने मान वहिनीकडे वळवली. तिच्या कपाळाला तेव्हा टाके पडत होते. डॉक्टरने विचारलं, "और इन्हें क्या हुआ?" त्या वेळी दादा भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता. वहिनी म्हणाली, "गिर गई." इतकी वर्षं झाली मला तिची नणंद होऊन, तिला खोटं बोलताना मी ऐकलं ते एवढंच.

नंतरचे दिवस फार वाईट गेले. कोणी ओरडलं नाही. आमच्या घरात कोणी ओरडत नाही म्हणजे काय, हे गल्लीलाही कळलं. दूधवाला दारात थबकून विचारायचा, "सब ठीक तो है?" दादाचे दोन्ही हात पट्ट्यांत. वहिनी त्याला भरवायची, पण वरणभाताचा चमचा असा आत शिरायचा की दातावर ठण्ण वाजायचा. पाण्याचा पेला ओठांवर आदळायचा. तो गिळायचा. कधी घास नाकात जायचा, तेव्हा खोकायचा आणि पुन्हा तोंड उघडायचा.

दुपारी ती मास्क, चष्मा, मोजे घालून त्या खोलीत जायची आणि ओल्या फडक्याने भिंती पुसायची. इंच इंच. फडकी आणि खरवडलेली घाण झाकणाच्या डब्यात भरायची, कचऱ्यात नाही, नालीत नाही. डब्यावर तिने लिहिलं होतं, उघडू नये. चाळणीची मोटर तिने बाहेर काढून ठेवली. छताचा काळा पट्टा मात्र पुसूनही गेला नाही. मी म्हटलं, चुना मारू. ती म्हणाली, "नको. झालं ते झालं. साहेबाला दिसू दे."

दादा अंगणातल्या खुर्चीवरून हे सगळं बघत असायचा. एकदा मी त्याच्याजवळ बसले आणि सरळ विचारलं.

"साहेब येऊन राहिला. काय सांगशील?"

"बघू."

"बघू म्हणजे?"

"छोटी, तुझी दाढ कशी आहे?"

"अर्धी आहे."

"हूं," तो म्हणाला आणि पट्टीतले हात मांडीवर सरकवले. याच्यापुढे त्याने काही काढू दिलं नाही. गल्लीत मात्र सगळ्यांचं ठरलं होतं. समोरच्या काकू मला म्हणाल्या, "अब तो ताला लगवा ही देंगे भाईसाहब." मलाही तेच वाटत होतं. त्याच्यासारख्या माणसाला भुवया परत येतील, मिशी परत येईल, पण भिंतीवरच्या पोरांनी जे बघितलं ते परत कसं जाणार? आणि ती खोली राहिली तर रोज डोळ्यासमोर राहणार.

साहेब आला तो आमच्या कल्पनेतला साहेब नव्हताच. मोटरसायकलवरून, हेल्मेट काखेत, घामाघूम, तिशीही गाठलेली नसेल. नाकाचं उन्हाने सोलपटलेलं टोक बघून वहिनीच्या डोळ्यांत क्षणभर क्रीम चमकलं, ते मी पाहिलं. त्याने दाराबाहेर बूट काढले, मास्क मागितला, तेव्हा तिने त्याला मोजेही दिले. तिच्या कपाळावर टाक्यांची काळी रेघ होती. दादा दाराशी उभा, पट्ट्यांतले हात पोटाशी, बिनभुवयांचा चेहरा चकचकीत.

साहेबाने भांडी बघितली, खिडकी बघितली, ड्रमचं झाकण हलवून बघितलं. मग वर बघितलं.

"ये काला कैसे हुआ, मॅडम?"

"पाउडर की धूल उड़ी थी," वहिनी म्हणाली, "और लौ लग गई. मशीन बंद है. अब गीला काम ही होगा, और धूल खींचने वाला पंखा लगेगा, तभी चालू करूँगी."

"अच्छा." त्याने पुन्हा वर बघितलं, मग तिच्या कपाळाकडे, मग दादाच्या हातांकडे. तो तरुण होता, पण बावळट नव्हता. त्याने पेन बंद केलं आणि दादासमोर येऊन उभा राहिला.

"अंकल, मकान आपका है?"

"है."

"आपको एतराज़ तो नहीं इस काम से?"

खोलीत ओल्या फडक्याचं पाणी ठिबकत होतं. वहिनी ड्रमकडे बघत होती. मी हातात काही नव्हतं म्हणून पदराचं टोक धरलं. दादाने घसा साफ केला. गेटवर विडीवाल्याला थोबाडायच्या आधी तो असाच घसा साफ करत असणार.

"नहीं," तो म्हणाला.

"तो इंचार्ज किसको लिखूँ? आप ही को?"

दादाने वहिनीच्या टाक्यांकडे बघितलं. पहिल्यांदाच, त्या दिवसापासून.

"हम तो यहाँ सिर्फ रहते हैं."